खांब्या आणि लाल्या

माझ्या दादाइतका लाजाळू माणूस मी दुसरा पाहिला नाही. गिऱ्हाइकाने "चष्मा छान केलात हो" म्हटलं, की याचे कान लाल. वहिनीने चारचौघांत "अहो" म्हणून हाक मारली, की कान लाल. शाळेत तर मास्तर भलत्याच कुणाला रागवायचे आणि कान तापायचे याचे. मी धाकटी, आणि माझं तोंड मुळातच फटकळ. त्यामुळे घरातली सगळी भांडणं माझ्या वाट्याला आली आणि सगळी लाज त्याच्या. लहानपणीच वाटणी करून घेतली म्हणा ना.

तो चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. पुढे काउंटरवर मालक, मागे पडद्याआड दादा. नंबराची काच फिरत्या चाकावर धरायची, फ्रेमच्या आकाराला आणायची, धुवायची, उजेडात वरखाली करून बघायची. लोकांना नीट दिसावं म्हणून बिचारा दिवसभर खपतो. आणि दुपारी दुकान बंद असलं, की त्याच बाकावर बसून तो कॉमिक काढायचा, तेसुद्धा चष्म्यांच्या रिकाम्या खोक्यांआड कागद लपवून. का, तर पन्नाशीला टेकलेला बाप्या पोरांसारखी चित्रं काढतो हे कुणाला कळलं तर? मी डबा द्यायला जायचे तेव्हा दोन्ही हातांनी कागद झाकायचा. "अरे, चोरी करतोयस का?" मी म्हणायचे. "हळू बोल ना," तो म्हणायचा. दुकानात आम्हा दोघांशिवाय चिटपाखरू नसायचं.

कॉमिक होतं खांब्याचं. आता खांब्या कोण, ते सांगायला हवं. आमच्या लहानपणी मुलांचं एक साप्ताहिक निघायचं आणि त्याच्या मधल्या पानांवर खांब्याची गोष्ट असायची. हा इतका लांबडा, की रस्त्यावरचे दिवे शिडीशिवाय लावायचा. दर अंकात काहीतरी घोळ. कधी चोर, कधी हरवलेलं पोर, कधी छपरावर अडकलेलं मांजर. सगळ्यांनी हात टेकले, की खांब्या येणार, हात वर करणार आणि काम फत्ते! आमच्या गल्लीतली सगळी पोरं खांब्यासाठी वेडी होती.

ते साप्ताहिक ज्या छापखान्यात छापलं जायचं, तिथे आमचे बाबा मशीनवर होते. त्यामुळे खांब्या आमच्याकडे सगळ्यांच्या आधी यायचा. बाबा संध्याकाळी घरी आले, की आधी दार लावायचे, मग कोटाची बटणं काढायचे आणि आतून घडी केलेला कागद बाहेर काढायचे. "घ्या. लोकांना दुकानात परवा मिळणार. तुम्हाला आज." असं म्हणताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा असायचा. आमच्या बापासारखा बाप दुनियेत नाही, असं आम्हाला दर आठवड्याला नव्याने वाटायचं.

आमचा अंक म्हणजे एक मोठा सुटा कागद असायचा, न कापलेला, न टाचलेला. पुष्कळदा मागची बाजू कोरी. गोष्ट ऐन रंगात यायची, आम्ही अधीर होऊन कागद उलटायचो, तर मागे पांढरं फटक! मी भोकाड पसरायचे. मग दादा पेन्सिल घ्यायचा आणि त्या कोऱ्या बाजूवर पुढची गोष्ट स्वतःच काढायचा. त्याचा हात वळला तो तिथे, कुठल्या शाळेत नाही.

आणि आमच्या खांब्याला एक सोबती होता. खांब्याच्या काळ्या रेषेच्या थोडा डावीकडे, थोडा वर, हुबेहूब त्याच्याच आकाराचा लाल माणूस. खांब्या पळाला, की हा एक पाऊल पुढे. खांब्याने हात वर केला, की याचा हात आधीच दिव्यावर. आम्ही त्याचं नाव लाल्या ठेवलं होतं. दादा म्हणायचा, लाल्या म्हणजे खांब्याची हिंमत, ती पुढे पोचते आणि खांब्या मागून जातो. मी म्हणायचे, जुळा भाऊ आहे. यावरून आम्ही एकमेकांच्या झिंज्या उपटलेल्या आहेत.

शाळेतल्या पोरांच्या अंकांत मात्र लाल्या नव्हता. त्यांच्याकडे लाल रंग नुसता खांब्याच्या पायघोळ, लांब बाह्यांच्या सदऱ्यात गपगुमान बसलेला. दादाने घरी येऊन बाबांना विचारलं. बाबा जरा थांबले. मग म्हणाले, "दुकानात पोचेपर्यंत लाल रंग आत मुरतो रे. ताज्या अंकातच तेवढा बाहेर दिसतो." झालं! दुसऱ्या दिवशी दादाने आयुष्यात पहिल्यांदा छाती काढून सगळ्या वर्गाला सांगितलं, की तुमचे अंक शिळे आहेत. चांगला चोप खाऊन घरी आला. पण लाल्यावरचा विश्वास काही ढळला नाही.

तुम्ही म्हणाल, मोठेपणी तरी डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. नाही पडला. त्याच्याही नाही आणि माझ्याही नाही. साप्ताहिक बंद पडलं, छापखाना गेला, बाबा घरी बसले. लहानपणी बापाने सांगितलेली गोष्ट नंतर कोण कशाला तपासून बघतो?

मग एक दिवस वहिनीने ग्रंथालयातून एक पत्रक आणलं आणि दादाच्या डब्याखाली ठेवलं. खांब्याच्या सगळ्या गोष्टींचा एक जाडजूड संग्रह निघणार होता. ज्यांनी खांब्या काढला ते चित्रकार आता बरेच थकलेले, पण हयात होते. खांब्यावर वाढलेल्या वाचकांनी आपापला खांब्या काढून आणावा, चित्रकार स्वतः बघतील, आणि त्यांना आवडेल तो संग्रहाच्या शेवटी छापला जाईल, असं त्यात होतं.

त्या दिवसापासून माणूस बदलला. जेवताना बोटाने ताटाच्या कडेला रेघा मारायचा. वहिनी म्हणाली, "सवत आणली असती तर निदान तिच्याशी भांडता तरी आलं असतं. या खांब्याशी काय भांडू?" पण ती खूश होती, दिसत होतं. मला एकदा दादा म्हणाला, "ज्यांच्यामुळे मी पेन्सिल धरली, त्यांनी एकदा माझं चित्र बघावं. दुसरं काही नको मला." एवढं लांब वाक्य तो कधी बोलत नाही.

त्याने काढलं ते असं. खांब्या म्हातारा झालाय. पाठ वाकली, हात थरथरतो, दिव्यापर्यंत पोचत नाही. गावात अंधार. लोक शिडी आणून देतात, पण खांब्या शिडीला हात लावत नाही. आणि मग पहिल्यांदाच लाल्या त्याच्यापासून सुटा होतो. एकटा पुढे जातो, एकेक दिवा लावत, आणि शेवटच्या दिव्याखाली उभा राहून मागे वळून म्हाताऱ्या खांब्याची वाट बघतो. बस, एवढंच. प्रत्येक चौकटीत आधी काळी रेघ, मग तीच आकृती पातळ कागदावर उतरवून, कागद केसभर डावीकडे, केसभर वर सरकवून, लाल शाईने दुसरी. असं एकेक चित्र दोनदा. मी ते त्या काचा घासायच्या बाकावर बसून वाचलं आणि रडले. आणि मी काही ऊठसूट रडणारी बाई नाही.

ग्रंथालयात जायच्या दिवशी दादा म्हणाला, "बाबांनाही नेऊ या. त्यांच्यामुळेच तर सगळं." बाबा नाही म्हणाले. गुडघा दुखतोय. मग म्हणाले, ऊन फार आहे. मग म्हणाले, "माझं काय काम तिथे?" मी त्यांचा कोट काढून हातात दिला आणि म्हटलं, "नखरे पुरे झाले, चला." त्यांनी गुमान कोट घातला. कॉमिक त्यांना दाखवलं नव्हतं. तिथेच दाखवू, असा दादाचा बेत होता.

ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर खुर्च्या मांडल्या होत्या. चित्रकार पुढे टेबलाशी बसलेले, शेजारी ग्रंथपालबाई. लोक रांगेने आपापली चित्रं दाखवत होते. चित्रकार गोड बोलत होते सगळ्यांशी. बाबा जाऊन बसले ते शेवटच्या रांगेत, भिंतीला पाठ लावून. दादाची पाळी आली तेव्हा मी त्याच्या मागेच होते. कान बघितले. पेटलेले होते.

चित्रकारांनी पहिलं पान डोळ्यांजवळ धरलं. "वा! हात तयार आहे तुमचा," ते म्हणाले. मग चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा बघितलं. दुसरं पान. तिसरं. चेहरा उतरत गेला.

"हे लाल काय आहे?"

"लाल्या," दादा म्हणाला.

"कोण लाल्या?"

"तुमचा... म्हणजे खांब्याचा. लाल्या."

"अहो, आयुष्यभर एका स्वच्छ रेघेसाठी झगडलो मी. लोक मला त्या रेघेमुळे ओळखतात. आणि तुम्ही तिच्यावर हा असा पोतेरा फिरवलात? थट्टा करताय का म्हाताऱ्याची?"

दादाची बोबडी वळली. "नाही हो, नाही... तुमच्याच अंकात... माझ्याकडे आहे..." करत त्याने पिशवीतून जुना कागद काढला. लहानपणचा, घड्यांवर फाटत आलेला. जपून ठेवलेल्या कागदांतला त्याचा सगळ्यांत लाडका. चित्रकारांनी तो नुसता उलटासुलटा केला. मागे दादाने पेन्सिलीने काढलेला खांब्या होता, तिकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"ही रद्दी आहे," ते म्हणाले. "मशीन सुरू केलं, की पहिले कागद असेच निघतात. रंग जागेवर बसेपर्यंतचे. हे फेकायचे असतात. माझा एकसुद्धा असला कागद फाटकाबाहेर जाता कामा नये, असं मी बजावून ठेवलं होतं. हा तुमच्याकडे आला कसा?"

आणि आता बघा, माझ्या त्या मुखदुर्बळ भावाला, जो जन्मात कुणाचं नाव पुढे करत नाही, त्याला त्या वेळी वाचा फुटली. आपण थट्टा केली नाही हे पटवायची घाई झाली त्याला. बोट मागे करून तो म्हणाला, "माझे वडील आणायचे. तिथे मशीनवर होते ते. ते बघा ना, तिथे बसलेत. त्यांनाच विचारा!"

सगळ्या माना वळल्या. बाबा उठून उभे राहिले. बसून बोलले असते तरी चाललं असतं, पण उभे राहिले, साहेब आल्यावर उभं राहावं तसे. कोटाची बटणं लावलेली होती, तरी हाताने पुन्हा चाचपली.

"मीच न्यायचो," ते म्हणाले. "घरात दोन पोरं होती. फेकायचेच कागद म्हणून... मी त्यांना सांगायचो, पहिला अंक तुम्हाला. चुकलंच माझं."

चित्रकार वाईट माणूस नव्हते. त्यांनी हसून विषय हलका करायला पाहिलं. "म्हणजे यांच्या पोरांनी माझा खांब्या कधी बघितलाच नाही की!" लोक हसले. हसण्यासारखंच होतं म्हणा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबासुद्धा हसले, सगळ्यांबरोबर, उभ्या उभ्या. ते हसू मला आजही डोळ्यांसमोर नको वाटतं. दादाचं बोट अजून मागेच रोखलेलं होतं. मी ते धरून खाली घेतलं.

घरी आलो तेव्हा जिन्यापाशी बाबा एवढंच म्हणाले, "ते सगळे कागद फेकून दे रे. उगाच जागा अडवतात." दादाने मान हलवली. फेकले मात्र नाहीत.

त्यानंतर दोघं एकमेकांना टाळायला लागले. भांडण नाही, अबोला नाही. नुसते एकमेकांसमोर कानकोंडे झालेले. बाबा लवकर जेवून घ्यायचे. दादा दुकानातून आला, की बाबा पेपर उघडून चेहऱ्यापुढे धरायचे, वाचून झालेला. एकाच घरात दोघं चोरासारखे वावरत होते, आणि मधे मी आणि वहिनी, मोठमोठ्याने बोलून घर भरलेलं ठेवायला. मी दादाला एकदा म्हटलं, "जा, माफी माग जा." तो म्हणाला, "कशाची मागू? कागद आणल्याबद्दल त्यांनी मागितली, सगळ्यांसमोर. आता मी काय तोंडाने मागू?"

मग एक दिवस ग्रंथपालबाई चष्म्याची काडी बसवायला दुकानात आल्या. म्हणाल्या, चित्रकारांना वाईट वाटलं त्या दिवसाचं. तुमचा हात त्यांना फार आवडलाय. तेवढा लाल प्रकार वगळून पुन्हा करून दिलंत, तर ते संग्रहात घेणार आहेत. नक्की.

दादाने हे मला सांगितलं, तेव्हा तो खाली बघून काच पुसत होता. मी ताडकन म्हटलं, "आणि तू नाही म्हणालास."

"विचार करतो म्हणालो."

"विचार कसला करतोस? लाल्या काढून टाकला तर उरतं काय त्या गोष्टीत? लाज नाही वाटत?"

"वाटते," तो म्हणाला. "पण तुला नाही कळणार. ते स्वतः म्हणालेत, हात आवडला. त्यांनी, स्वतः." काच पुसून झाली होती, तरी पुसत राहिला. मग म्हणाला, "आणि बाबांनाही तेच बरं नाही का? कशाला पुन्हा कुणाला आठवण?"

मला ते खोटं आहे असं छातीठोकपणे म्हणता येईना.

त्याने नवीन काढलं. काळी रेघ, एकदाच. लाल रंग खांब्याच्या सदऱ्यात, जागच्या जागी. आणि शेवटी दिवे लावायचे तर लाल्या नाही, म्हणून खांब्या लोकांनी दिलेली शिडी घेतो आणि चढतो. सुबक झालं होतं. मी वाचलं, आणि मला रडूबिडू काही आलं नाही.

संग्रह छापून आला. जाड पुठ्ठा, गुळगुळीत कागद, आणि शेवटच्या पानांवर दादाचा खांब्या, खाली दादाचं नाव. वहिनीने शेजारपाजाऱ्यांना दाखवलं. दुकानमालकाने एक दिवस पुस्तक काउंटरवर उघडं ठेवलं. दादाचे कान अर्थातच लाल. पण खरी परीक्षा घरातच होती. तीन-चार दिवस त्याने पुस्तक बाबांच्या खुर्चीभोवती नुसतं फिरवलं. कधी टेबलावर ठेव, कधी खिडकीत ठेव. शेवटी मीच ओरडले, "दे की हातात!" तेव्हा त्याने दिलं.

बाबांनी पुस्तक मांडीवर घेतलं आणि मला म्हणाले, "माझं भिंग आण गं." छापखान्यातलं जुनं भिंग होतं ते. कागदावर टेकवायचं आणि डोळा लावायचा. रंग बसलेत का नाही ते त्याने बघतात. निवृत्त झाल्यापासून त्यांनी ते हातात धरलेलं मी पाहिलं नव्हतं. एकेका चौकटीवर ते ठेवत गेले. कडा बघितल्या, सदरा बघितला, दिव्याचा पिवळा बघितला. दादा समोर उभा होता, शाळेत निकाल ऐकायला उभा राहायचा तसा.

"शिडी घेतली का याने?" बाबांनी मधेच विचारलं.

"हो," दादा म्हणाला. "म्हातारा झाला ना."

"हां. बरोबर आहे." पुन्हा डोळा भिंगाला. शेवटच्या चौकटीवर ते बराच वेळ थांबले. मग भिंग बाजूला ठेवून त्यांनी हाताने पान सारखं केलं, आणि त्या दिवसानंतर पहिल्यांदाच दादाकडे नीट वर बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता, टोमणा नव्हता. सुटल्यासारखे दिसत होते.

"छान बसलेत रंग," ते म्हणाले. "बरं केलंस. आता माझं कुठे काही दिसत नाही यात."

पुस्तक त्यांनी मिटून पुढे केलं. दादाने ते घ्यायला हात पुढे केला की नाही, त्याचे कान कसे झाले, मला सांगता येणार नाही. मला त्याच्याकडे बघवलं नाही.